रिकामा घडा कोणाला दिसतो?



वैशाख पौर्णिमा होऊन गेली. आता आपल्या ग्रुपवर दोनच प्रश्न फिरतात. एक, "कोणाकडे ड्रिल मशीन आहे का?" आणि दुसरा, "फिंग्स्टनच्या सुट्टीत बोडनझेला कोण कोण येणार?" सहा महिने थंडीत कोंडलेली माणसे ऊन पडले की एक तर भिंत रंगवायला घेतात, नाहीतर पाणी शोधत निघतात. या महिन्यात वंदनेनंतर मी बोलावे असे ठरले, तेव्हा आपल्यातल्या एका उपासकांनी ध्यानावर बोला, प्रतीत्यसमुत्पादावर बोला असे सुचवले. मी म्हणालो, या वेळी मी ड्रिल मशीन आणि टॉवेलवर बोलणार. ते हसले. त्यांना वाटले मी टाळतो आहे.

टाळत नाही. कोलियांच्या नगरात दीघजाणू नावाचा गृहस्थ भगवंतांकडे आला होता. त्याने आधीच सांगून टाकले की आम्ही संसारी माणसे, पोराबाळांच्या गर्दीत झोपणारी, चंदन-फुले लावणारी, सोन्याचांदीचा व्यवहार करणारी; आम्हाला आमच्या उपयोगाचे काही सांगा. भगवंतांनी त्याला आधी घर सोडून ये, मग सांगतो असे म्हटले नाही. कष्टाने आणि कौशल्याने मिळव, मिळवलेले सांभाळ, चांगल्या माणसांची सोबत धर, आणि जमा-खर्चाचा तराजू एका बाजूला कलू देऊ नकोस, असे त्याच्या जगण्यातले सांगितले. म्हणून मीही आज घरातलेच सांगतो. आणि दुसऱ्याच्या घरातले सांगण्यापेक्षा माझ्या घरातले सांगतो, म्हणजे कोणाला राग यायला नको.

मागच्या वर्षी आम्ही त्सुफेनहाउझेनमध्येच दोन खोल्यांच्या घरातून तीन खोल्यांच्या घरात गेलो. मला आधी एकच गोष्ट करायची होती. बाबासाहेबांचे महाराष्ट्र शासनाने काढलेले लेखन आणि भाषणांचे खंड इतकी वर्षे खोक्यात होते, त्यांच्यासाठी भिंतीवर पक्की फळी बसवायची. आपल्याकडे असे काम निघाले की आपण सुताराला फोन करतो. इथे सुताराचा तासाचा दर ऐकला की माणूस आपोआप सुतार होतो. मी बाउमार्क्टमधून फळी कापून आणली, गिट्ट्या आणल्या, ज्यांना इथे ड्युबेल म्हणतात. शनिवारची सकाळ धरली, कारण रविवारी ड्रिलचा आवाज काढला तर अख्खी इमारत दारात येते. जुनी काँक्रीटची भिंत, चार भोके पाडायला दीड तास गेला. पण फळी बसली. खंड लावले. वर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो ठेवला. फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि संध्याकाळपर्यंत जय भीम, अभिनंदन, फार छान असे कितीतरी निरोप आले.

त्या मूळ फोटोच्या कडेला एक हात होता. माझ्या पत्नीचा. मी भोक पाडत होतो तेव्हा ती खाली व्हॅक्यूमची नळी धरून उभी होती, म्हणजे काँक्रीटची धूळ पुस्तकांवर आणि पोरांच्या नाकात जाऊ नये. फोटो नीट दिसावा म्हणून मी कड कापली. हात गेला. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने ते पाहिले आणि विचारले, "पप्पा, मम्मीला का कापलं?" मी म्हणालो, "मम्मीला नाही ग, फक्त नळीला." तिने पुढे काही विचारले नाही. मलाही तेव्हा काही वाटले नाही, हे कबूल करतो.

आता झाडूची गोष्ट. इथे नवे आलेले काही जण आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. स्टुटगार्टमध्ये केरवोखे नावाचा प्रकार आहे. जर्मनमध्ये केरेन म्हणजे झाडणे आणि वोखे म्हणजे आठवडा. आपल्या मराठीत केर म्हणजे कचरा. कुठला शब्द कुठे जाऊन भेटतो पाहा, मला तर पहिल्यांदा वाटले कोणीतरी मराठी माणसानेच नाव ठेवले. याचा इतिहास सांगणारे १४९२ सालच्या नगर-आदेशापर्यंत मागे जातात. शहराच्या नियमांतून ती १९८८ मध्ये निघाली, पण घरमालकांच्या करारांतून काही निघाली नाही. दाराच्या मुठीला एक पाटी अडकवलेली दिसली की समजायचे, हा आठवडा आपला. लहान केरवोखे म्हणजे आपल्या मजल्यासमोरचा जिना झाडायचा, पुसायचा. मोठी केरवोखे म्हणजे खालचे दार, तळघराची वाट, अंगण, फुटपाथ, आणि हिवाळ्यात बर्फसुद्धा. आठवडा संपला की पाटी शेजाऱ्याच्या दाराला. तो प्राध्यापक असो, पोर्शेच्या कारखान्यातला कामगार असो की कालच आलेला विद्यार्थी, पाटी सगळ्यांच्या दाराला लटकते.

मी या देशात नवा होतो तेव्हा ती पाटी पहिल्यांदा माझ्या दाराला दिसली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. का झाला ते सांगायला हवे, कारण तुमच्यातल्या पुष्कळांना ते सांगावे लागणार नाही.

माझी आजी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात पाटलाचे अंगण आणि गोठा झाडायची. मजुरी म्हणून नव्हे. तिच्या जन्माला ते काम चिकटलेले होते म्हणून. बदल्यात शिळी भाकरी, तीही वरून टाकलेली. ओसरीची पायरी चढायची नाही. तिने झाडलेल्या अंगणात तिची सावली चालत नसे. १९५६ नंतर आमच्या वस्तीने महारकी टाकली. वडील सांगत की त्या दिवशी आजीने खराटा चुलीत घातला आणि त्यावर चहा केला. आमच्या घरात ही गोष्ट एखाद्या जातककथेसारखी सांगितली जाते. मी शिकलो, इंजिनिअर झालो, इथवर आलो, ते त्या चुलीतल्या खराट्याच्या उजेडात. आणि इथे येऊन पाहतो तर दाराला पाटी: झाड.

मी झाडले नाही. बोललोही नाही. नुसता ऑफिसला गेलो. संध्याकाळी परत आलो तेव्हा जिना स्वच्छ होता आणि ओला होता. पुढच्या वेळीही तसेच. असे किती वर्षे चालले? तीन वर्षे. मी मनात म्हणायचो, मी तत्त्वाने झाडत नाही. तत्त्व माझे होते आणि कंबर तिची दुखत होती.

आमच्या वरच्या मजल्यावर एक जर्मन आजीबाई राहतात. ऐंशीच्या पुढे वय. त्यांनी एकदा मला जिन्यात थांबवून विचारले, तुमच्या दाराच्या पाटीवर एकच नाव आहे का? मी म्हणालो नाही, दोन आहेत. त्या म्हणाल्या, मग दुसरा माणूस केरवोखेच्या आठवड्यात बाहेरगावी असतो वाटते. टोमणा होता. श्वाबी माणूस टोमणा फार सपाट चेहऱ्याने मारतो. मी जरा चिडून त्यांना सांगितले की आमच्या देशात झाडूचा इतिहास वेगळा आहे. त्यांनी ऐकून घेतले आणि मग त्यांचे सांगितले.

तुम्हाला श्लोटवीझे माहीत असेल, आपल्या त्सुफेनहाउझेनमधलेच. युद्धकाळात तिथल्या बराकींमध्ये नाझींनी वेठबिगार कामगार ठेवले होते. युद्ध संपल्यावर त्याच बराकींमध्ये पूर्व युरोपातून हाकललेल्या निर्वासितांची कुटुंबे आली आणि वर्षानुवर्षे राहिली. या आजीबाई त्यांच्यातल्याच एका कुटुंबातल्या, तेव्हा लहान मुलगी. त्या निर्वासितांनी १९४८ मध्ये स्वतःची गृहनिर्माण सहकारी संस्था काढली, नॉयेस हाइम म्हणजे नवे घर, आणि शेजारच्या रोटमध्ये घरे उभी केली. आज आपण यू-बानने रोटवरून जातो तेव्हा ज्या साध्या इमारती दिसतात, त्यांत बेघर माणसांनी एकत्र येऊन बांधलेलीही आहेत. आजीबाई म्हणाल्या, बराकीत ओळीला मिळून पाणी आणि संडास. आमच्याकडे पाटी नव्हती, भिंतीवर खडूने यादी होती. वडील शाळामास्तर होते, यादीत त्यांचेही नाव होते. माणसाचे नाव यादीत नसले तर आम्ही म्हणायचो तो पाहुणा आहे.

मी वर गेलो. पत्नीला हे सगळे जरा थट्टेने सांगितले. ती पोळ्या करत होती. तिच्या आईनेही लोकांची अंगणे झाडली आहेत, हे मला माहीत होते, पण का कोण जाणे, आठवत नव्हते. ती तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "अहो, तुमच्या आजीने तो खराटा चुलीत घातला ना? मग तो माझ्या हातात कुठून आला?"

बंधू-भगिनींनो, मी धम्माची पुष्कळ पुस्तके वाचली आहेत. एवढा नेमका प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

मज्झिम निकायात चूळगोसिंग सुत्त आहे. ते तुम्ही ऐकले असेल, पण आज पुन्हा सांगतो. नादिकाजवळ गोसिंग नावाचे सालवन होते. तिथे अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल असे तिघे भिक्खू राहत होते. भगवंत एका संध्याकाळी तिकडे गेले. वनाच्या रखवालदाराने त्यांना ओळखलेच नाही. म्हणाला, श्रमणा, आत जाऊ नका, इथे तिघे जण आपापल्या हितासाठी राहत आहेत, त्यांना त्रास देऊ नका. मला हा रखवालदार फार आवडतो. अनुरुद्धांनी ऐकले आणि धावत आले. हे आपले शास्ते आहेत, अडवू नका. मग एकाने पात्र आणि चीवर घेतले, एकाने आसन मांडले, एकाने पाय धुवायला पाणी आणले. कोणी कोणाला सांगितले नाही.

भगवंतांनी आधी विचारले, भिक्षा मिळते ना, त्रास नाही ना. मग विचारले की तुम्ही दूध-पाण्यासारखे मिसळून, एकमेकांकडे प्रेमाच्या नजरेने पाहत राहता का? ते म्हणाले, हो. भगवंत तेवढ्यावर थांबले नाहीत. ते कसे, असे विचारले. आपल्यापैकी कोणालाही तुमच्या घरात सलोखा आहे का असे विचारले तर आपण हो म्हणू. कसा, असे विचारले तर अडखळू.

अनुरुद्धांनी दिलेले उत्तर मोठ्या शब्दांचे नाही. ते म्हणाले, भिक्षेहून जो आधी परततो तो आसने मांडतो, पिण्याचे आणि धुण्याचे पाणी ठेवतो. जो शेवटी परततो तो उरलेले जेवतो, भांडी उचलतो, जेवणाची जागा झाडतो. पिण्याच्या पाण्याचा, धुण्याच्या पाण्याचा किंवा शौचाच्या पाण्याचा घडा ज्याला रिकामा दिसतो, तो भरतो. एकट्याने उचलत नसेल तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलावतो आणि दोघे मिळून उचलतात. त्यासाठी तोंड उघडावे लागत नाही. आणि दर पाचव्या रात्री आम्ही तिघे रात्रभर धम्मचर्चा करत बसतो.

आता हे अनुरुद्ध कोण, ते लक्षात घ्या. शाक्य राजकुळातले. अट्ठकथेत त्यांच्या तरुणपणाची एक गोष्ट येते. तीन शाक्यकुमारांत चर्चा चालली होती की भात येतो कुठून. किंबिल म्हणाले, कोठारातून. भद्दिय म्हणाले, हंडीतून. अनुरुद्ध म्हणाले, सोन्याच्या ताटातून. शेत त्यांनी पाहिले नव्हते, चूल पाहिली नव्हती, भांडी घासणारी बाई पाहिली नव्हती. तिथपासून शौचाचा घडा स्वतः भरण्यापर्यंत हा माणूस आला. संघात येताना त्यांनी आपला न्हावी उपाली याला आधी प्रव्रज्या द्या अशी विनंती केली होती, म्हणजे रोज त्याला वंदन करावे लागेल आणि शाक्यांचा ताठा मोडेल. उपालीला वंदन करणे एका दिवसाचे धाडस होते. घडा भरणे मात्र रोजचे होते.

मी सोन्याच्या ताटातला नाही. मी खराट्याच्या घरातला आहे. पण माझ्या घरात जिना कसा स्वच्छ होतो, पोरांचे डबे कसे भरतात, जून उजाडला की उन्हाळ्याचे कपडे कपाटात आपोआप पुढे कसे येतात, हे मला अनुरुद्धांच्या भातासारखेच माहीत होते. ताटातून येते.

काही जण म्हणतील, आणि मला हे म्हटलेही गेले आहे, की जन्माने लादलेले झाडणे आणि स्वतःच्या घरचे झाडणे यांत फरक आहे. आहेच. फार मोठा फरक आहे. आजीने खराटा जाळला ते शंभर टक्के बरोबर होते, आणि आजही भारतात ज्यांच्या हातात तो जन्मामुळे दिला जातो त्यांच्यासाठी आपण इथून जे करू शकतो ते केलेच पाहिजे. पण लादणे कशामुळे होते? काम घाण असते म्हणून नव्हे. ते काम एकाच्याच दारी कायमचे बसते, पाटी पुढे सरकत नाही, म्हणून. माझ्या घरात पाटी तीन वर्षे सरकली नव्हती.

येत्या २७ मे रोजी रमाईंचा स्मृतिदिन आहे. दापोलीजवळच्या वणंदची ही मुलगी. वडील दाभोळच्या बंदरातून माशांच्या टोपल्या डोक्यावरून बाजारात नेत. समुद्राच्या अंगणात वाढलेली. लहानपणीच आईवडील गेले, मुंबईला आली, आणि बाबासाहेबांच्या संसारात पाच मुलांपैकी चार तिच्यासमोर गेली. १९३५ मध्ये दादरच्या राजगृहात तिने शेवटचा श्वास घेतला. ते घर बाबासाहेबांनी पुस्तके मनात धरून बांधले होते आणि मगधाच्या राजधानीचे नाव त्याला दिले होते. तिच्या वाट्याला ते घर फार थोडे आले.

तिच्याविषयी आपण त्यागमूर्ती म्हणतो. मी हा शब्द वापरायचे हल्ली सोडले आहे. कारण स्मृतिदिनाच्या कार्यक्रमात पुरुष माइकवर त्यागमूर्ती म्हणतात तेव्हा मागच्या खोलीत शंभर माणसांची भाजी ढवळणारी बाई टाळ्यांचा आवाज ऐकत असते. बाबासाहेबांनी काय केले ते पाहा. १९२८ मध्ये 'बहिष्कृत भारत' चालवण्यासाठी काय मोजावे लागले याचा हिशोब त्यांनी वाचकांपुढे मांडला, तेव्हा त्यात पत्नीचे कष्ट लिहिले. संसाराचा भार तिच्यावर पडला, मी परदेशातून परतल्यावरही तिला शेणाच्या टोपल्या डोक्यावरून वाहाव्या लागल्या, आणि चोवीस तासांतला अर्धा तासही मी तिला देऊ शकलो नाही, अशा अर्थाचे ते लिहितात. छापून. आपल्याच वर्तमानपत्रात, आपल्याच लोकांसमोर. त्यांनी रिकामा घडा पाहिला आणि पाहिला असे सांगितले. भरायला वेळ नव्हता हेही सांगितले. तो वेळ नसण्याचे कारण आपण सगळे होतो. आपल्याला वेळ नसण्याचे कारण बहुतेक वेळा मोबाइल असतो.

आणि २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी आपल्या बायकांना सांगितले की लग्न करणाऱ्या मुलीने नवऱ्यापाशी मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभे राहावे, त्याची दासी होऊ नये. हे भाषण आपण मुलींना ऐकवतो. ते मुलग्यांनाही ऐकवायला हवे, कारण बरोबरीने उभे राहणाऱ्या मुलीच्या शेजारी उभे कसे राहायचे, हे त्यांना कोणीतरी शिकवावे लागेल. आईने प्रत्येक वेळी त्यांचे ताट उचलले तर ते कुठे शिकणार?

आता पाण्याकडे येतो, कारण सुट्टी तोंडावर आली आहे.

बोडनझेला इथले लोक श्वाबी समुद्र म्हणतात. खरा समुद्र इथून फार लांब, म्हणून हा आपला. आपल्यातली बहुतेक कुटुंबे फिंग्स्टनमध्ये एकदा तरी तिकडे जातात. मे अखेरीला पाणी अजून थंड असते, पोरे ओरडत आत जातात आणि ओरडत बाहेर येतात. मी मागच्या वर्षी तिथे गवतावर बसून एका जर्मन मित्राला विचारले की एवढी माणसे पोहतात, मग हे तळे इतके नितळ कसे? तो म्हणाला, नितळ ठेवावेच लागते, आपण हेच पितो. मला माहीत नव्हते. झिप्लिंगनजवळ साठ मीटर खोलीवरून पाणी उचलतात, डोंगरावर शुद्ध करतात आणि मोठ्या नळांतून उत्तरेला पाठवतात. १९५८ पासून हे चालू आहे, आणि सुमारे चाळीस लाख माणसे ते पाणी पितात. स्टुटगार्टमधल्या बऱ्याच नळांतही तेच येते.

मी तिथे बसून महाडचा विचार करत होतो. ज्या तळ्याचे पाणी गुरे पीत, ते आपल्या माणसांनी २० मार्च १९२७ ला ओंजळीत घेतले, तर मारहाण झाली आणि मग त्या तळ्यात दूध, दही, शेण, गोमूत्राचे घडे ओतून ते शुद्ध करण्यात आले. तळे सर्वांचे आहे हे मुंबई उच्च न्यायालयाकडून ठरायला मार्च १९३७ उजाडावा लागला. आणि इथे कोणाची कोण पोरे एकाच पाण्यात पाय आपटत होती, आणि तेच पाणी संध्याकाळी कोणाच्याही चहात जाणार होते. डोळे भरून आले. मी माझ्या पोरांना हाक मारून सांगणार होतो, हे बघा, यासाठी आपली माणसे लढली.

तेवढ्यात मुलगी ओलीचिंब येऊन उभी राहिली. "पप्पा, मम्मी पाण्यात का येत नाही?"

मी वळून पाहिले. पत्नी चटईवर बसली होती. भोवती चार पिशव्या, धाकट्याचे कोरडे कपडे, कापलेल्या कलिंगडाचा डबा, सनक्रीम, दोन कुटुंबांचे मोबाइल. ती सकाळी साडेचारला उठली होती. पोहायच्या कपड्यांत नव्हती. पंजाबी ड्रेसमध्ये, पाय मुडपून. आजूबाजूला पाहिले तर आपल्या ग्रुपमधल्या सगळ्या बायका तशाच बसल्या होत्या, एका ओळीत, पाण्याकडे तोंड करून. आणि आम्ही पुरुष तरंगत्या फळीपर्यंत पोहून आलो होतो.

मी तिला म्हणालो, "चल की." ती म्हणाली, "मला येत नाही." इतक्या वर्षांत मी विचारले नव्हते. तिच्या गावात विहीर होती, तळे होते. पोरे उड्या मारायची. आपल्या पोरांना तिथे बंदी. तिच्या काळात बंदी कागदावर नव्हती, पण उतरले की दगड यायचे. मग पोहायला शिकणार कुठे? तिच्या आईला येत नाही, आजीला येत नव्हते. चवदार तळ्याची आठवण काढत मी ज्या पाण्याकडे भरल्या डोळ्यांनी पाहत होतो, त्याच्या काठावर तिची बंदी अजून बसलेली होती, आणि तिच्या हातात माझा टॉवेल होता.

त्या दिवशी ती गुडघ्यापर्यंत आली. मुलीने एक हात धरला, मी एक. पिशव्यांजवळ कोणी नव्हते. काही चोरीला गेले नाही.

घरी आल्यावर जे झाले ते फार मोठे नाही. भिंतीवर खडूने यादी केली, त्या आजीबाईंच्या बराकीसारखी, म्हणजे फ्रिजवर कागद लावला. गोसिंगवनात यादी नव्हती हे मला माहीत आहे. तिथे नजर होती. आपल्याला नजर नसेल तर आधी यादी. केरवोखेच्या आठवड्यात पहिल्यांदा झाडू घेऊन जिन्यात उतरलो तेव्हा हात थरथरत होते, खोटे कशाला सांगू. आजी आठवत होती. तिसऱ्या पायरीवर वाटले की ती रागावेल. शेवटच्या पायरीवर तसे वाटले नाही. वरच्या आजीबाईंनी येऊन पाहिले आणि म्हणाल्या, कोपरे राहिले.

यादीचा दोष असा की माणूस यादीपुरतेच बघतो. माझ्या नावापुढे भांडी लिहिली होती, तर मी भांडी घासून रिकामा कचऱ्याचा डबा तसाच सोडून झोपायला जात असे. त्यात नवी पिशवी घालायची हे यादीत नव्हते ना. म्हणून सध्या मी झोपताना एक गोष्ट करतो, आणि तुम्हालाही करून पाहा म्हणतो. पाच मिनिटे श्वासावर लक्ष ठेवून बसल्यावर स्वतःला विचारायचे: आज कोणीही न सांगता मला कोणता रिकामा घडा दिसला? ज्या दिवशी एकही आठवत नाही, त्या दिवशी घरात रिकामे घडे नव्हते असे नाही. ते दुसऱ्याने भरले. हे ध्यान नाही असे ज्यांना वाटते त्यांनी आठवडाभर करून मग मला सांगावे. स्मृती म्हणजे सजगता, ती श्वासाला लागू होते आणि सिंकमधल्या कुकरला होत नाही, असे काही भगवंतांनी म्हटलेले मला सापडले नाही.

भगिनींनाही एक सांगायचे आहे, जरा भीत भीत. अनुरुद्धांना एकट्याने उचलले नाही तर ते हाताने खूण करत. तुम्ही खूण करत नाही. तुम्ही उचलता आणि मग तीन दिवस बोलत नाही. माझ्या पत्नीला हे वाचून दाखवले, ती म्हणाली, "खूण तीन वर्षे करत होते, तुम्ही वर बघत नव्हता." तेव्हा हे वाक्य मी मागे घेतो. पण खूण करणे सोडू नका.

आणि २७ मेच्या कार्यक्रमाबद्दल. या वर्षी स्वयंपाक पुरुष करणार आहेत, हे समितीत ठरले आहे. वरण-भात, बटाट्याची भाजी आणि एक गोड. कोणी मोठ्या पदार्थांचा हट्ट धरू नये. भांडी आणि हॉलची सफाईही आमच्याकडेच. रमाईंवर बोलणाऱ्या तिघीही आपल्यातल्या उपासिका आहेत, आणि त्या बोलत असताना मागच्या खोलीतून कुकरची शिट्टी आली तर सांभाळून घ्या.

माझी पत्नी मार्चपासून बुधवारी संध्याकाळी पोहायला शिकते. नवशिक्या मोठ्यांचा वर्ग आहे, तिच्यासोबत आपल्यातल्या आणखी दोघी जातात आणि एक सीरियन बाई आहे. अजून ती लांबीभर जाऊ शकत नाही, पाणी छातीपर्यंत असले की ठीक. बुधवारच्या पोळ्या माझ्याकडे आहेत, त्यांच्याबद्दल मुलांना विचारू नका.

सुट्टीच्या पहिल्या शनिवारी सकाळी सातच्या एस-बानने आम्ही निघणार, पुढे उल्मवरून. ज्यांना यायचे आहे त्यांनी ग्रुपवर नाव टाकावे. डबे आदल्या रात्री दोघांनी मिळून भरायचे. आणि तिथे पोहोचल्यावर पिशव्यांजवळ पहिला तास मी बसणार आहे. दुसऱ्या तासासाठी एक पुरुष हवा आहे.

नमो बुद्धाय. जय भीम.